धक्क्याचं भाडं

२००७ मध्ये कामानिमित्त काही महिने फिलाडेल्फियात होतो. शनिवारी काही उद्योग नसला की आम्ही तिघं-चौघं देशी पोरं नदीकाठच्या आयकियात जायचो. फर्निचर घ्यायला नाही, वरच्या कँटीनमध्ये स्वस्तात हादडायला. तिथल्या मोठ्या काचांमधून समोर डेलावेअर नदी दिसायला हवी, पण तेव्हा नदीच्या आधी दिसायचं ते एक जहाज. अवाढव्य. रंगाचे पापुद्रे सुटलेले, काळ्या अंगावर गंजाचे लांब ओघळ, आणि वर लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची दोन प्रचंड धुराडी. लाल रंग उन्हाने इतका विटलेला की गुलाबीच म्हणायचा. लांबी ९९० फूट, म्हणजे आपली बारा डब्यांची लोकल शेजारी उभी केली तरी बोट पुढे उरेल.

"भंगारवाल्याची वाट बघतेय," असं आमच्यातला एकजण म्हणाला आणि विषय संपला. मी मात्र घरी येऊन शोधाशोध केली आणि चाटच पडलो. ती 'एस. एस. युनायटेड स्टेट्स' होती. अटलांटिक ओलांडणारी जगातली सगळ्यात वेगवान प्रवासी बोट! १९५२ मध्ये तिने केलेला विक्रम आजवर कुठल्याही प्रवासी लायनरने मोडलेला नाही. आणि ती इथे, मीटबॉल्स खाणाऱ्या लोकांसमोर गंजत उभी?

तेव्हापासून या बोटीची बातमी आली की मी वाचतो. 'भंगारात जाणार', मग 'वाचली', मग पुन्हा 'भंगारात जाणार'. २०२५ च्या फेब्रुवारीत ही मालिका एकदाची संपली, म्हणून म्हटलं आता सगळं सलग लिहून काढावं.

सुरुवात करायला हवी ती विल्यम फ्रान्सिस गिब्ज या माणसापासून. हा १८८६ साली फिलाडेल्फियातच जन्मलेला. आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर तिथल्या क्रॅम्पच्या गोदीत 'सेंट लुइस' नावाच्या बोटीचं जलावतरण बघायला गेला आणि तिथेच याच्या डोक्यात जहाज शिरलं ते कायमचं. वडिलांना इंजिनियर मुलगा नको होता (हो, असेही वडील असतात!), म्हणून साहेब कोलंबिया विद्यापीठातून वकील झाले. पण फावल्या वेळात भावाबरोबर हजार फुटी बोटींचे आराखडे काढणं चालूच. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने 'फाटरलांड' ही जर्मन बोट ताब्यात घेतली. तिची डागडुजी करायची तर जर्मन कंपनीने नकाशांसाठी दहा लाख डॉलर मागितले. गिब्जने ड्राफ्ट्समनची फौज बोटीवर सोडली आणि अख्खी बोट पट्टीने मोजून नवे नकाशे तयार केले! डॉक्युमेंटेशन नसलेला कोड ज्यांनी कधी समजून घेतला असेल त्यांना या कामाची जात बरोबर कळेल.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिब्जची कंपनी अमेरिकन नौदलाच्या जहाजांचा सगळ्यात मोठा डिझायनर झाली होती. पण त्याला हवी होती ती त्याची स्वतःची मोठी लायनर. ती त्याला मिळाली १९५० मध्ये, तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत काम सुरू झालं. खर्च सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा चक्क सरकारचा. कारण सरकारची अट अशी होती की युद्ध झालंच तर ही बोट काही दिवसांत सैन्यवाहू करता आली पाहिजे, एका खेपेला जवळजवळ १४००० सैनिक नेणारी. म्हणून वरचं दिसणं प्रवासी बोटीचं, पण पोटात युद्धनौकेची यंत्रं. एक ठिकाणी मार लागला तर काम दुसरीकडून चालू राहावं म्हणून इंजिन-रूमही दोन, एकमेकींपासून वेगळ्या.

गिब्जला आगीची दहशत होती. १९३४ मध्ये 'मॉरो कॅसल' नावाची बोट न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ जळाली आणि १३० हून जास्त माणसं गेली. त्यामुळे या बोटीवर लाकूड बंद. फर्निचर अ‍ॅल्युमिनियमचं, कपड्यांचे हँगरसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचे. लाकूड फक्त दोन ठिकाणी, खाटकाचा ठोकळा आणि पियानो. पियानोही सहजी न पेटणाऱ्या महॉगनीचे. त्या लाकडावर पेट्रोल ओतून काडी लावून दाखवली तेव्हा गिब्ज तयार झाला असं सांगतात. आणि लाकडाची जागा कशाने घेतली? भिंती, पाइप, आतली अस्तरं, सगळीकडे अ‍ॅस्बेस्टॉस. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्याखालचा भाग लष्करी गुपित होता. बोट कोरड्या गोदीत बांधली आणि तिथेच पाणी सोडून तरंगवली. तिचे पंखे डिझाइन करण्यात इलेन कॅप्लन नावाच्या इंजिनियर बाईंचा मोठा वाटा होता. बाहेरचे दोन पंखे चार पात्यांचे, आतले दोन पाच पात्यांचे. त्यामुळे त्या वेगातही हादरे कमी. (१९५० मध्ये एक बाई हे काम करत होती. आपल्याकडे अजूनही मशीन रूममध्ये बाई दिसली की लोक वळून बघतात. असो.)

३ जुलै १९५२ ला पहिली फेरी. न्यूयॉर्कहून निघून इंग्लंडच्या टोकापर्यंत ३ दिवस १० तास ४० मिनिटं. सरासरी ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ६६ किलोमीटर. 'क्वीन मेरी'चा १९३८ चा विक्रम तिने तब्बल दहा तासांनी मोडला. परत येतानाचा विक्रमही तिचाच. आणि गंमत म्हणजे ही काही तिची पूर्ण ताकद नव्हतीच. चाचणीत ती ३८ नॉटच्या वर गेली होती, ते लोकांना कळलं पंचवीसेक वर्षांनी.

पुढची सतरा वर्षं ती धावत राहिली. १९६३ मध्ये 'मोनालिसा' अमेरिकेच्या दौऱ्याहून पॅरिसला परतली ती हिच्यातून. १९६८ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला निघालेला बिल क्लिंटन हिच्यातूनच गेला. पण १९५८ मध्येच जेट विमानांनी अटलांटिक सहा-आठ तासांवर आणून ठेवला होता. साडेतीन दिवसांचा विक्रम कोणाला हवाय? सरकारी अनुदानावर थोडी वर्षं निघाली. गिब्ज १९६७ मध्ये वारला, म्हणजे शेवट त्याला बघावा लागला नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये चारशेवी फेरी संपवून बोट दुरुस्तीसाठी गोदीत आली आणि तिथेच कंपनीने सेवा बंद झाल्याचं जाहीर केलं.

इथून पुढे ती ५५ वर्षं उभी होती. धावली १७, थांबली ५५!

पहिली काही वर्षं बरी गेली. १९७३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि हवाबंद करून ठेवली. आत खुर्च्या, चादरी, काटे-चमचे सगळं जागच्या जागी. मनात आणलं असतं तर थोड्या तयारीने निघू शकली असती. १९७८ मध्ये ती ५० लाख डॉलरना एका बिल्डरला विकली. त्याची आयडिया 'टाइमशेअर' क्रूझची होती. (आपल्याकडे मॉलमध्ये फॉर्म भरून घेणारे असतात ना, तेच, फक्त समुद्रात.) पैसे उभे राहिले नाहीत. मग १९८४ मध्ये देणी भागवायला त्याने आतलं सगळं सामान लिलावात काढलं. खुर्च्या, क्रोकरी, घंटा, चित्रं, स्वयंपाकघरातली भांडी. सोळा-सतरा लाख डॉलर आले आणि बोट रिकामी झाली.

१९९२ मध्ये पुन्हा लिलाव, या वेळी २६ लाख डॉलर. नवे मालक तिला ओढत तुर्कस्तानला घेऊन गेले. दुरुस्ती करायची तर आधी अ‍ॅस्बेस्टॉस काढायला हवं, आणि ते काम अमेरिकेत करणं प्रचंड महाग. म्हणून बोट गेली युक्रेनमध्ये सेवास्तोपोलला. १९९४ पर्यंत तिथे अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. आणि त्याच्याबरोबर भिंती, केबिन्स, छतं, सगळंच निघालं. बोटभर अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ते काढणं म्हणजे बोटच सोलणं. गिब्जने आगीपासून वाचवायला जे घातलं, त्यानेच तिचं आतलं सगळं नेलं. १९९६ मध्ये ती ओढत अमेरिकेत परत आली आणि जागा मिळाली ती फिलाडेल्फियातल्या ८२ नंबरच्या धक्क्यावर, गिब्जच्या गावात. कोणी ठरवून आणली नव्हती, तिथे धक्का मोकळा होता म्हणून.

माझं मत सांगतो, पटतंय का बघा. ही बोट गेली ती १९८४ आणि १९९४ मध्ये. त्यानंतर वाचवायला उरलं होतं ते एक सुंदर कवच. पण कवचसुद्धा वाचवण्यासारखं असतं, आणि त्यासाठी लोकांनी जे केलं ती खरी गोष्ट आहे.

१९९९ मध्ये ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत गेली. नोंदीत नाव गेलं म्हणजे बोट वाचली असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नसतं. मालकाला ती तोडायची असेल तर ही नोंद त्याला अडवत नाही, आणि नोंदीबरोबर पैसेही येत नाहीत. २००३ मध्ये 'नॉर्वेजियन क्रूझ लाइन'ने ती घेतली. अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये प्रवासी न्यायचे तर बोट अमेरिकेत बांधलेली लागते असा तिकडचा कायदा आहे, आणि कंपनीला हवाईत धंदा करायचा होता. त्याच वर्षी त्यांनी 'इंडिपेन्डन्स' ही दुसरी जुनी अमेरिकन लायनरही घेतली. दोन्ही कधीच धावल्या नाहीत.

आता आपल्या जवळचा भाग. याच कंपनीकडे 'नॉर्वे' नावाची एक बोट होती. मूळची 'फ्रान्स', आपल्या नायिकेची जुनी प्रतिस्पर्धी. मोनालिसा अमेरिकेला गेली ती 'फ्रान्स'मधून आणि परतली 'युनायटेड स्टेट्स'मधून. २००३ मध्ये मायामीत बॉयलरचा स्फोट होऊन आठ जण गेल्यावर ती बोट पुन्हा धावली नाही. २००६ मध्ये 'ब्लू लेडी' असं नवं नाव घेऊन ती गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर आली. तिच्या पोटातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात केस झाली, २००७ मध्ये तोडायला परवानगी मिळाली आणि २००८ पर्यंत ती संपली. 'इंडिपेन्डन्स'चाही शेवट अलंगजवळच झाला. म्हणजे त्या कंपनीच्या तीन जुन्या बोटींपैकी दोन आपल्याकडे येऊन पत्रा झाल्या. २००९ मध्ये तिसरी विकायला काढली तेव्हा अमेरिकेतल्या लोकांच्या पोटात गोळा का आला असेल ते कळतं.

त्या वेळी पुढे आली 'एस. एस. युनायटेड स्टेट्स कॉन्झर्व्हन्सी' ही संस्था. तिचं नेतृत्व होतं सुझन गिब्ज यांच्याकडे, विल्यम गिब्जची नात. लहानपणी आजोबांच्या या कामाची त्यांना फारशी कल्पनाही नव्हती. भंगारवाल्याची बोली होती ५९ लाख डॉलरची. संस्थेकडे एवढे पैसे कुठले? पण फिलाडेल्फियातले दानशूर उद्योगपती गेरी लेनफेस्ट यांनी ५८ लाख डॉलर देऊ केले. कंपनीनेही भंगारवाल्याची मोठी बोली बाजूला ठेवून ३० लाखांत बोट संस्थेला देऊन टाकली (याबद्दल कंपनीला मार्क द्यायला हवेत). उरलेले पैसे देखभालीला. फेब्रुवारी २०११ मध्ये बोट संस्थेच्या नावावर झाली.

आनंदीआनंद! पण खरा खेळ इथे सुरू होतो. धक्क्याचं भाडं, विमा, पहारा, दोरखंड, सगळं मिळून महिन्याला सुमारे ६० हजार डॉलर. बोट काहीही करत नसताना. आपल्यापैकी ज्यांनी कधी न वापरलेला सर्व्हर चालू ठेवून महिनाअखेरीस बिल बघितलं असेल त्यांना हे दुःख माहीत आहे. फरक एवढाच की सर्व्हर बंद करता येतो. ९९० फुटांची बोट धक्क्यावरून काढली तर ठेवायची कुठे? एवढ्या लांबीचा, एवढ्या खोल पाण्याचा, रिकामा आणि परवडणारा धक्का अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मिळणं म्हणजे दादरला पार्किंग मिळण्यासारखं.

लोकांनी वीस-पंचवीस डॉलरच्या देणग्या पाठवल्या. बोटीवर आधी काम केलेले, लहानपणी आईचा हात धरून तिच्यातून अमेरिकेत आलेले, असे लोक. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये संस्थेने जाहीर केलं की आता पैसे संपले, भंगारवाल्याशी बोलणी सुरू करावी लागतील. काही आठवड्यांत सहा लाखांवर डॉलर जमा झाले. वाचली! किती दिवस? हिशोब करा, दहा महिने.

मग फेब्रुवारी २०१६ मध्ये बातमी आली की 'क्रिस्टल क्रूझेस' ही कंपनी सुमारे ७० कोटी डॉलर खर्चून बोट पुन्हा समुद्रात उतरवणार. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचाच बाकी होतो. सहा महिने त्यांच्या इंजिनियरनी बोट तपासली. सांगाडा ठणठणीत निघाला. पण आजच्या सुरक्षा नियमांत बसवायचं तर सुमारे पाव भाग नव्याने बांधावा लागेल, मूळची यंत्रंही बदलावी लागतील असा निष्कर्ष निघाला. ऑगस्टमध्ये कंपनीने नाद सोडला. जाताना संस्थेला साडेतीन लाख डॉलर देऊन गेली.

त्यानंतरच्या सगळ्या योजना बोट धक्क्याला बांधूनच वापरायच्या होत्या. हॉटेल, संग्रहालय, कार्यक्रमांचे हॉल. न्यूयॉर्कच्या एका बांधकाम कंपनीने चांगले आराखडे केले. प्रत्येक वेळी घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. पैसेवाले विचारायचे, कायमचा धक्का कुठाय? आणि धक्क्यांचे मालक विचारायचे, पैसेवाले कुठायत? नवीन पोराला अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, त्यातलाच प्रकार.

'क्वीन मेरी' कशी वाचली मग? तिला १९६७ मध्ये लाँग बीच शहराने घेतलं. चालती बोट, आतलं सामान शाबूत, आणि धक्का शहराचा. भाडं मागणारा कोणी परका नव्हता. तरी दुरुस्तीपायी त्या शहराच्या तोंडाला फेस आला. 'रॉटरडॅम' ही डच लायनर तिच्याच नावाच्या गावात २०१० पासून हॉटेल म्हणून उभी आहे. दोघींनाही हक्काची जागा मिळाली. 'युनायटेड स्टेट्स'चं नाव अख्ख्या देशाचं, पण जागा द्यायला एकही गाव पुढे आलं नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये धक्क्याच्या मालकाने भाडं रोजच्या ८५० डॉलरवरून एकदम १७०० केलं. बोटीमुळे धक्क्याचं नुकसान होतंय असंही त्याचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं. १४ जून २०२४ ला न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी निकाल दिला. भाडेवाढ चूक, संस्था ते पैसे देणं लागत नाही. पण धक्का मालकाचा आहे, त्याला भाडेकरू नको असेल तर बोट ९० दिवसांत हलवा. म्हणजे केस जिंकली आणि घर गेलं! नव्वद दिवसांत आपल्याला पुण्यात टू बीएचके मिळत नाही.

मग उरले दोन पर्याय, भंगार किंवा समुद्राचा तळ. फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने तयारी दाखवली. १० लाख डॉलरना बोट घ्यायची, आतलं तेल, रंग, वायरिंग साफ करायचं आणि मेक्सिकोच्या आखातात सुमारे १८० फूट खोल पाण्यात बुडवून कृत्रिम प्रवाळ तयार करायचं. मासे येतील, डायव्हिंगला लोक येतील. धुराडी आणि काही वस्तू काढून किनाऱ्यावर संग्रहालय करायचं. एकूण बजेट १ कोटी डॉलरच्या वर. हा आकडा वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. वाचवायला घेतली ३० लाखांत, बुडवायला एक कोटी. पण त्या काउंटीचा हिशोब चुकीचा नाही. त्यांना पर्यटक मिळणार आहेत, आणि बुडलेल्या बोटीला भाडं लागत नाही.

न्यूयॉर्कमधल्या काही लोकांना हे मान्य नव्हतं. त्यांनी विरोध केला, अर्ज केले. संस्थेवरही टीका झाली की तुम्ही वाचवायला घेतलीत आणि बुडवायला दिलीत. मला ती टीका अन्यायाची वाटते. त्यांनी घेतली नसती तर २०११ मध्येच तिचे तुकडे झाले असते. आणि सप्टेंबर २०२४ च्या मुदतीत तुम्ही-आम्ही दुसरं काय केलं असतं? फक्त एक खटकतं. 'भंगारापेक्षा बरं' हे वाक्य या बोटीच्या बाबतीत १९७८ पासून प्रत्येक मालकाने म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी बोटीचा थोडा भाग कमी झालाय.

१९ फेब्रुवारी २०२५ ला टग बोटींनी तिला धक्क्यावरून बाहेर काढलं. धुराडी पुलांना लागू नयेत म्हणून ओहोटीची वेळ साधली होती. नदीच्या दोन्ही काठांना थंडीत लोक उभे होते. मी इथे रात्री लॅपटॉपवर लाइव्ह बघत होतो. एके काळी ताशी ६६ किलोमीटरने जाणारी बोट माणसाच्या चालीने चालली होती. ३ मार्चला ती अलाबामातल्या मोबील बंदरात पोचली, साफसफाईसाठी. तिच्या मूळच्या पंख्यांपैकी एक न्यूपोर्ट न्यूजच्या संग्रहालयाबाहेर आहे, एक किंग्ज पॉइंटच्या मर्चंट मरीन अकादमीत.

माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे, २००७ मधला, दोन मेगापिक्सेलच्या मोबाइलने काचेतून काढलेला. धुराड्यांची टोकं त्यात कापली गेली आहेत. दुसऱ्या हातात खाण्याचा ट्रे होता आणि मागे रांग होती, म्हणून नीट काढायचं पुढच्या शनिवारवर टाकलं होतं.